फुरफुरीनगरात आई राहते कुठे?

मोटू आणि पतलू यांचं एकमेकांशी नातं काय? सख्खे भाऊ नाहीत, चुलत-मावस नाहीत, एका कचेरीतले सोबती नाहीत. दोघंही चांगले बाप्ये, बिनलग्नाचे, एका छपराखाली राहणारे. कमाईचा पत्ता नाही, समोसे मात्र रोज लागतात. रेवदंड्यापासून मुरुडपर्यंतच्या कुठल्याही आळीत अशी जोडी राहायला आली असती, तर पहिल्याच संध्याकाळी नाक्यावर चौकशी झाली असती: गाव कुठलं, आडनाव काय, घरी कोण कोण असतं, लग्नाचं काही बघताय की नाही? फुरफुरीनगरात हे कोणी विचारत नाही. ऑक्टोबर २०१२ पासून निक वाहिनीवर या दोघांचे शेकडो भाग झाले, सिनेमा झाला, दप्तरांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर त्यांची चित्रं आली. पण पतलूची आई कोण, हे मालिका पाहून मोठ्या झालेल्या मुलालाही सांगता यायचं नाही.

प्रश्न खोडसाळ आहे, तरी तो विचारून पाहण्यासारखा आहे. भारतात तयार झालेल्या विनोदी कार्टून मालिकांचा गेल्या दीड-दोन दशकांतला पसारा नजरेखालून घातला की त्यात दोस्त सापडतात, दुश्मन सापडतात, चक्रम शास्त्रज्ञ, गबाळा फौजदार, राजा, राजकन्या, बोलकं माकड, सगळे सापडतात. घर फार थोड्या ठिकाणी सापडतं. पोराच्या पाठीत धपाटा घालणारी, महिनाअखेरीला पैसे मोजणारी, नवऱ्याशी कुरकुरणारी आई भारतीय मुलांना कार्टूनमध्ये भेटली ती जपानची, हिंदी आवाजातली. आणि मराठी विनोद ज्या घरावर पोसला गेला ते घर राहिलं छापील पानावर.

सुरुवात अशी नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली, त्यात नुसत्या काड्या हलत होत्या; नात्यागोत्याचा संबंध नव्हता. पण १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीतून रघुनाथ केळकरांचा छोटा चलच्चित्रपट आला तो ‘जंबूकाका’. त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समधून ‘द पी ब्रदर्स’ आला. एकीकडे काका, दुसरीकडे भाऊ. हलतं चित्र हाती आल्याबरोबर दोन टोकांच्या दोन शहरांतल्या लोकांनी आधी त्याला नातं चिकटवलं. पुढे दूरदर्शनच्या काळातही हा धागा सुटला नव्हता. विजया मुळे यांच्या १९७४ च्या ‘एक अनेक और एकता’मध्ये लहान मुलाला समजावून सांगणारी मोठी बहीणच आहे, चित्रं भीमसेन यांची. आज पन्नाशी-साठीत असलेल्या बऱ्याच जणांना ती ताई अजून आठवते.

भावा-बहिणीच्या नात्यावर खरं बोट ठेवलं ते ‘मीना’ने. युनिसेफसाठी नव्वदच्या दशकात झालेल्या या मालिकेतली मीना घडवण्यात चलच्चित्रकार राममोहन यांचा मोठा हात. आंब्याच्या वाटणीची तिची गोष्ट आजही घासून पाहावी इतकी पक्की आहे. झाडावर चढून आंबा काढते मीना, आणि आई तो कापते तेव्हा मोठी फोड जाते राजूला, कारण तो मुलगा. जेवणात अंडं असतं तेही राजूच्याच ताटात. मग दोघं एका दिवसापुरती कामं बदलतात. राजूला झाडलोट करावी लागते, पाणी भरावं लागतं, कोंबड्या सांभाळाव्या लागतात. संध्याकाळी त्याचा पार पिट्टा पडतो. मालिका शिकवण्यासाठी काढलेली, हे मान्य. पण राजूची ती दमछाक पाहताना मुलं हसायची ते काही समानतेचा धडा मिळाला म्हणून नव्हे. घरात कोणाच्या पानात काय पडतं, यावरून रोज होणारी भांडणं त्यांच्या ओळखीची होती.

मग घर गेलं कुठे? त्याचं एक उत्तर कलेत आहे, एक पैशात. पैशाचं आधी पाहू.

‘टॉम अँड जेरी’ हा १९४० पासूनचा सिनेमागृहांसाठी केलेला माल. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांना सात-आठ मिनिटांच्या गोष्टीसाठी हजारो चित्रं काढायची मुभा होती. १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभाग बंद केला आणि दोघं टीव्हीकडे वळले. तिथे पैसा तुटपुंजा, मागणी दर आठवड्याची. त्यांनी तोड काढली. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय असतो, तो त्याला हौस म्हणून नव्हे. मान झाकली की धड एकदाच काढून ठेवता येतं. वरचं डोकं तेवढं बदलायचं, सांधा दिसत नाही. अंगाची हालचाल कमी झाली, तसा भार बोलण्यावर आला. बोलणं खुलायचं तर पात्रांची आपसांतली तऱ्हा आधीपासून ठरलेली हवी. म्हणून १९६० च्या ‘द फ्लिंटस्टोन्स’ने अश्मयुगात दोन शेजारी जोडपी बसवली, तीही ‘द हनीमूनर्स’ या गाजलेल्या मालिकेच्या वळणाची. थोराड, तापट नवरा, त्याला ओळखून असलेली बायको, भाबडा शेजारी. नातं तयार असलं की विनोदाची अर्धी बेगमी झाली.

टीव्हीच्या कार्टूनला आणखी एक अट असते. भाग कुठल्याही क्रमाने दाखवता आला पाहिजे. शाळेतून आलेला मुलगा आज सत्तरावा भाग पाहील आणि उद्या बारावा, त्याला काही अडू नये. त्यामुळे भागाच्या शेवटी प्रत्येक नातं जिथल्या तिथे परत आणून ठेवावं लागतं. मोटूने पतलूला कितीही गोत्यात आणलं तरी दुसऱ्या दिवशी दोघं एकाच घरातून बाहेर पडतात. रुसवा उरत नाही, उधारी उरत नाही, वय वाढत नाही. ‘द सिम्पसन्स’ १९८९ च्या डिसेंबरात सुरू झाली. तेव्हा दहा वर्षांचा असलेला बार्ट आजही दहाच वर्षांचा आहे.

कोकणच्या प्रेक्षकाला यात नवल वाटायचं कारण नाही. दक्षिण रायगडात आणि रत्नागिरीत शिमग्याच्या आगेमागे नमन-खेळे होतात. त्यातली गवळण घ्या. बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा बावळट सवंगडी आणि लुगडं नेसून आलेला मिशीवाला मावशी. भांडण दरवर्षी तेच, वाट दरवर्षी तीच. मावशी शहाणी होत नाही की कृष्ण कर घेतल्याशिवाय सोडत नाही. बदलतो तो गावचा ताजा टोमणा, सरपंचाच्या नव्या गाडीवरचा शेरा. नातं जागचं हलत नाही म्हणूनच तो टोमणा नेमका लागतो. मोटू-पतलूचे लेखक नीरज विक्रम आणि दिग्दर्शक सुहास कडव यांच्या कामाकडे या अंगाने पाहिलं तर त्यातली कारागिरी दिसते. मोटूचं डोकं समोसा पोटात गेल्याशिवाय चालत नाही, पतलूला युक्ती सुचते पण अंमलबजावणी मोटूच्या हातात. घसीटाराम प्रत्येक कामात आपल्याला वीस वर्षांचा अनुभव असल्याचं सांगतो. डॉक्टर झटकाचं यंत्र उलटतं. चार सोंगट्या, त्यांच्या चार चाली, आणि त्यांतून शेकडो डाव. ‘लोटपोट’ या १९६९ पासूनच्या हिंदी नियतकालिकातून ही जोडी पडद्यावर आली ती बरोबर हेच घेऊन. मुंबईच्या कॉसमॉस-मायाने त्यांना त्रिमितीत उभं केलं. नात्यात मात्र कानामात्रेचाही फरक पडला नाही.

आणि घर गळतं ते इथेच. त्रिमिती चित्रणात प्रत्येक नवं पात्र म्हणजे नवा खर्च: त्याचा सांगाडा, कपडे, चेहऱ्याचे भाव, राहण्याची जागा. बागेतल्या एका बाकावर, चहाच्या एका टपरीवर आणि एका चौकात गोष्ट निभत असेल, तर स्वयंपाकघर कशाला उभारायचं? शिवाय घर आलं की देव्हारा येतो, ताट येतं, आडनाव येतं, भाषा येते. देशभर एकच मालिका चालवायची तर यातली प्रत्येक गोष्ट कोणाला तरी परकी वाटणार. तिसरी अडचण गोष्ट रचणाऱ्याची. आई दारात उभी राहून ‘जेवायला चल’ म्हणाली की पाठलाग तिथेच आटोपतो.

या हिशेबात आजी-आजोबा बसतात, आईबाप बसत नाहीत, ही एक गंमत. ‘शिवा’ या २०१५ च्या मालिकेतला सायकलवाला पोरगा नाना-नानींकडे राहतो. म्हाताऱ्यांना पोराच्या मागे धावता येत नाही, काळजी तेवढी करता येते. गोष्टीला अडथळा कमी. ‘हनी बनी का झोलमाल’मध्ये तर दोन मांजरं राहतात कोणाकडे, तर कटकर बाईंकडे. मराठी आडनावाच्या बाई, घर त्यांचं, आणि गोतावळा सगळा मुक्या प्राण्यांचा!

‘छोटा भीम’ची तऱ्हा जरा निराळी. हैदराबादच्या ग्रीन गोल्डची ही मालिका २००८ मध्ये पोगोवर आली. तिचं ढोलकपूर हे खेडं आहे, त्यामुळे तिथे शेजार आहे. टुनटुन मौसीचं लाडूंचं दुकान आहे, ती चुटकीची आई आहे, आणि लाडू पळवणाऱ्यांवर ती लाटणं उगारते. पण दुकानामागचं तिचं घर, चुटकीबरोबरची तिची कुरबूर, चुटकीच्या वडिलांचा विषय, यांत मालिका रमत नाही. तिचं सगळं लक्ष टोळीवर: भीम, राजू, जग्गू माकड एका बाजूला, दांडगा कालिया आणि त्याचे जुळे चेले ढोलू-भोलू दुसऱ्या बाजूला. कालिया हा या मालिकेचा खरा नफा. तो दर वेळी भीमला पाडायला जातो, तोंडघशी पडतो, आणि संकट मोठं असलं की मुकाट भीमच्या मागे उभा राहतो. शाळेतल्या प्रत्येक वर्गात असा एक असतो, म्हणून तो खलनायक वाटतच नाही. चुटकीच्या वाट्याला मात्र बराच काळ वाट पाहणं, काळजी करणं आणि राजकन्या इंदुमतीवर नाक मुरडणं एवढंच आलं.

याच कंपनीने २०१९ मध्ये नेटफ्लिक्ससाठी ‘माइटी लिटल भीम’ केली. भीम रांगणारा, मालिकेत संवाद नाहीत, आणि आई जवळपास प्रत्येक गोष्टीत हजर. ती लाडू वरच्या फळीवर ठेवते, भीम तिथे पोचतो. ती अंघोळ घालते, तो निसटतो. एक शब्द न बोलता आई-मुलाचा खेळ इतका रंगला की मालिका देशाबाहेरही चालली. तेव्हा भारतीय स्टुडिओंना आई रंगवता येत नाही, असं म्हणायची सोय राहिली नाही. पोरगं चालायला लागलं की ते तिला गोष्टीतून वजा करतात, एवढंच.

जपानी मालिकांनी ती वजाबाकी केली नाही. हंगामा वाहिनी २००४ मध्ये सुरू झाली, पाठोपाठ २००५ मध्ये ‘डोरेमॉन’ आणि २००६ मध्ये ‘शिनचॅन’ तिच्यावर आल्या. केबल आणि नंतर छपरावरच्या तबकड्या अलिबाग-श्रीवर्धनच्या वाड्यांत पोचल्या, तशी ‘डोरेमॉन’मधल्या नोबिताची आई घराघरांत ओळखीची झाली. शून्य गुणांची उत्तरपत्रिका दडवायची कुठे, हा प्रश्न भाषांतर न होताच समजतो.

‘डोरेमॉन’ची नात्यांची रचना तपासली की तिचं टिकणं कळतं. डोरेमॉनला पाठवतो सेवाशी, म्हणजे नोबिताचा खापरपणतू. पूर्वजाने करून ठेवलेलं कर्ज वंशजाला फेडावं लागतंय, म्हणून तो बाविसाव्या शतकातून हे यंत्रमांजर पाठवून पूर्वजालाच वळण लावू पाहतो. वाडवडिलांचं ऋण फेडायची आपली रीत इथे उलटी फिरवलेली आहे. मग येतो जियान: दांडगा, बेसूर, गाण्याचा कार्यक्रम लावून सगळ्यांना बळजबरीने बसवणारा. पण त्याची आई वाण्याचं दुकान चालवते, त्याला सामान पोचवायला पिटाळते आणि चुकला की कानशील रंगवते. सिमेंटचे तीन नळ पडलेल्या मोकळ्या जागेत राजा असलेला जियान दुकानाच्या दारात भिजलेलं मांजर होतो. दांडगाई कुठून येते आणि कुठे संपते, हे मालिकेने कधी समजावून सांगितलं नाही; नुसती जियानची आई दाखवली.

पाठांतराच्या पावाची गोष्ट अनेकांच्या आठवणीत असेल. परीक्षा उद्यावर आलेली. डोरेमॉन पोटाच्या खिशातून पाव काढतो. पुस्तकाच्या पानावर दाबला की मजकूर पावावर उमटतो, खाल्ला की पाठ. नोबिता पानामागून पान खात सुटतो, पोट तट्ट फुगतं, तरी पानं उरलेलीच. मग पोट बिघडतं आणि पाठ झालेलं सगळं निघून जातं. साधन चुकत नाही, माणूस हावरा असतो. डोरेमॉनला हे आधीपासून ठाऊक असतं, तरी नोबिताचे डोळे भरले की त्याच्याने राहवत नाही. मालिकेचं मूळ नातं हे असं आहे. लाडावणारा आणि लाडावलेला, दोघांनाही एकमेकांची सवय. मराठी घरांत ही जागा बहुधा आजीची असते. नोबिताची स्वतःची आजी वारलेली आहे. तिला भेटायला तो भूतकाळात जातो त्या गोष्टीत समोरचा मोठा मुलगा आपलाच नातू आहे, हे ती खळखळ न करता मान्य करते. शाळेचं दप्तर पाठीवर घेतलेला नोबिता बघायची तिची इच्छा तो पुरी करतो, तर ती लगेच नातसून बघायचं म्हणते. हसू आणि रडू एकाच वेळी आणणारं असं दृश्य भारतीय कार्टूनला अजून तरी जमलेलं नाही.

‘शिनचॅन’ची आई मिसाए नोबिताच्या आईहून धीट. योशितो उसुई यांनी ही चित्रकथा १९९० मध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू केली, लहान मुलांच्या नव्हे. त्यामुळे मिसाएला आईपणाच्या मखरात बसवलेलं नाही. ती दुपारी लोळते, सेलमध्ये नको ते घेऊन येते, नवऱ्यापासून चार पैसे दडवून ठेवते, वजन कमी करायचा नेम करते आणि मोडते. नवरा हिरोशी दमून घरी येतो, त्याच्या मोज्यांचा वास हा घरातला कायमचा विनोद. धाकटी हिमावारी आल्यावर शिनचॅनचं लाडाचं आसन हलतं. पाच वर्षांचं कार्टं आईच्या वर्मावर बरोबर बोट ठेवतं, आई त्याच्या डोक्यावर टेंगूळ आणते, आणि रात्री तिघं-चौघं एकाच खोलीत झोपतात.

हे आपल्या पालकांच्या पचनी पडलं नाही. पोरं उलट उत्तरं देतात, मोठ्यांना नावाने हाक मारतात, अशी तक्रार झाली. २००८ मध्ये केंद्र सरकारने आक्षेप घेतला, प्रक्षेपण थांबलं आणि पुढे काटछाट होऊन मालिका परतली. बांगलादेशाने २०१३ मध्ये हिंदीतला ‘डोरेमॉन’ बंद केला, तो वेगळ्या धास्तीने: मुलं बंगालीऐवजी हिंदी बोलू लागली होती. महाराष्ट्रात तेवढा आरडाओरडा झाला नाही. अलिबाग-मुरुड रस्त्यावरच्या कोर्लईत घरी पोर्तुगीज वळणाची नोलिंग, शाळेत मराठी आणि कार्टूनला हिंदी, अशा तीन भाषांत पोरगं वाढतं. आगरी, कोळी किंवा कोकणी मुसलमानांची बोली ज्या घरात आहे तिथेही चित्र फार वेगळं नाही. आईला ‘अगं’ म्हणणारं मूल पडद्यावरच्या आईला ‘मम्मी, आप’ म्हणताना ऐकतं. खटकत नसेल कदाचित, पण पडद्यावरचं घर थोडं पाहुण्याचं वाटत राहतं.

नात्यांचा आणखी एक प्रकार असतो, ज्यात एक बाजू कायम हसते आणि दुसरीवर कायम हसलं जातं. ‘मोटू पतलू’मधला इन्स्पेक्टर चिंगम हा त्यातला. दाक्षिणात्य हेल, काळा चष्मा, आपल्या तावडीतून कोणी सुटत नाही ही बढाई, आणि हवेत गोळी झाडली की डोक्यात पडणारा नारळ. फुरफुरीनगरात सगळे मूर्ख आहेत, हे त्याच्या बाजूचं म्हणणं. पण मूर्खपणाला प्रांताचा हेल फक्त काहींच्याच वाट्याला येतो, हे विरुद्ध बाजूचं. अमेरिकेत हाच वाद ‘द सिम्पसन्स’मधल्या अपूवरून पेटला. १९९० पासून दुकानाच्या गल्ल्यामागे उभा असलेला हा भारतीय, मंजुळाशी लग्न केलेला, एका खेपेला आठ मुलं झालेला. त्याचा आवाज काढत होता गोरा नट हँक अझारिया. हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकाराने २०१७ मध्ये त्यावर माहितीपट केला, आणि २०२० मध्ये अझारियाने तो आवाज सोडला. गंमत अशी की अपूचं लग्न, त्याची आई, त्याची मुलं हे सगळं मालिकेने दाखवलं होतं. त्याला घर होतं. दुखलं ते हेलावरून.

रायगडच्या किनाऱ्याला हे दुखणं नवं नाही. ‘अलिबागसे आया है क्या’ हा हिंदी विनोदी कार्यक्रमांतला आणि सिनेमांतला जुना टोला. त्याच्यावर बंदी घालावी म्हणून अलिबाग तालुक्यातून मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, तो मनाला लावून घेऊ नये, अशा अर्थाचं बोलून न्यायालयाने ती फेब्रुवारी २०१९ मध्ये फेटाळली. न्यायालयाचं बरोबरच आहे. विनोदावर बंदी घालून कोणाचं भलं होत नाही. तरीही चिंगम आणि अलिबागकर यांच्यातलं साम्य सुटत नाही. दोघांचाही नुसता पत्ता विनोदाला पुरतो. त्यांच्या घरातलं माणूस दाखवावं लागत नाही.

मराठीकडे घर होतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. तीन-चार चौकटींत तो जे करायचा ते कार्टून मालिकेच्या अकरा मिनिटांचं बीजच होतं: पेपर वाचता वाचता उत्तर देणारे पप्पा, हातातलं काम न सोडता पकडणारी मम्मी, पप्पू, मिनी, बगळ्या यांची फौज, आणि कुंपणापलीकडच्या जोशीकाकू. या जोशीकाकूंचं नातं मराठी मध्यमवर्गाने बरोबर ओळखलं. चेंडू त्यांच्या अंगणात जायचा. त्या ओरडायच्या आणि खाऊही द्यायच्या. पडद्यावर मात्र चिंटू २०१२ आणि २०१३ मध्ये श्रीरंग गोडबोले यांच्या सिनेमांतून आला तो हाडामांसाच्या मुलांना घेऊन. वर्षानुवर्षं रोज चित्र म्हणून भेटलेला मुलगा चित्र म्हणूनच हलताना दिसावा, ही अपेक्षा त्या सिनेमांनी पुरी केली नाही. तो त्यांचा हेतूही नव्हता. टीव्हीवर मराठी आवाज आला, २०२१ मध्ये ‘ईटीव्ही बालभारत’ने मराठी वाहिनीच काढली, पण ती बारा भाषांतली एक होती. मालिका एकच, आवाज बारा. अशा मालिकेतलं घर कुठल्याच एका गावचं असू शकत नाही.

किनाऱ्यावरचं घर तर चिंटूच्याही घराहून वेगळं. नोबिताचे बाबा आणि हिरोशी संध्याकाळी कचेरीतून परततात. करंजा, रेवस किंवा मुरुडच्या कोळीवाड्यातला बाप तांडेल नाहीतर खलाशी असला तर दिवसचे दिवस समुद्रावर असतो, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत अख्खा वेळ घरात. दोन महिने रोज बाप घरी, तोही जाळी विणत अंगणात बसलेला, म्हणजे पोरांची केवढी पंचाईत! याच्यावर पावसाळाभर पुरेल एवढा विनोद निघेल. आई पहाटे बंदरावर लिलावात घासाघीस करून म्हावरं घेते, पाटी घेऊन बाजार गाठते, पैशाचा व्यवहार तिच्या कनवटीला. मांडव्याहून लाँच पकडून मुंबईला कामाला जाणारी घरंही आहेत. शनिवार-रविवारी पर्यटकांना खोल्या देणारी घरं आहेत, जिथे पोरांना स्वतःच्याच घरात हळू आवाजात बोलावं लागतं. अशी आई, असा बाप, असं घर कुठल्याच कार्टूनमध्ये नाही. पैसे कमावणारी आई मुलांनी पाहिली ती जियानची, वाण्याच्या दुकानातली, आणि टुनटुन मौसी.

तिसरी अलीकडे आली, आणि तीही उसनी. सोनी ये वाहिनीवर एप्रिल २०२१ मध्ये ‘तारक मेहता का छोटा चष्मा’ सुरू झाली. तारक मेहता यांच्या गुजराती सदरावरून २००८ मध्ये निघालेल्या मालिकेचं हे कार्टून. सदरापासूनच सगळा मामला शेजाऱ्यांचा, म्हणून गोकुळधाम सोसायटीत बिऱ्हाडं भरलेली: सासरा, नवरा-बायको, पोरं, सेक्रेटरी. भारतीय कार्टूनमध्ये घरं एवढ्या संख्येने आली ती अशी, चालत्या मालिकेच्या मागच्या दाराने. जेठालाल आणि सेक्रेटरी भिडे यांचं वैर इथेही तसंच. जेठालालच्या टपूने काच फोडायची, भिड्यांनी जाब विचारायचा, बापाने सोसायटीच्या पैशांवरून टाळाटाळ करायची. भिडे शिकवण्या घेणारे, काटकसरी, नियमावर बोट ठेवणारे रत्नागिरीकर. म्हणजे चिंगमसारखाच प्रांताचा शिक्का त्यांच्यावरही आहे. पण चिंगमला जे नाही ते भिड्यांना आहे. त्यांची सोनू टपूच्याच टोळीत खेळते, त्यामुळे बापाला ज्या पोरांवर ओरडायचं त्यांत आपली पोरगीही उभी असते. आणि त्यांची बायको माधवी मूळ मालिकेत लोणची-पापडांच्या ऑर्डरी घेते. मास्तरांच्या शिकवण्यांच्या जोडीला तिच्या बरण्यांवरही घर चालतं, आणि खर्चाच्या वादात भिडे तिच्यापुढे आवाज चढवत नाहीत.